शेवटचा फर्मा

टिण्.

वहिनीनं बेदाण्यातून वेचलेला खडा स्टीलच्या वाटीत टाकला होता. फोन बंद झाल्यापासून घरात कुणी तोंड उघडलं नव्हतं, म्हणून मोहरीएवढ्या त्या खड्यानंही मी दचकले. मांडीवर माझी लेक मैथिली झोपली होती. तिनं झोपेतच मूठ आवळली आणि हळूहळू सोडून दिली.

फोन जिनाप्पामामांचा होता. मैथिलीच्या बाबांचे हे मामा. त्या घरात पान हलायचं तर यांना विचारून. दादाला त्यांनी सांगितलं की रविवारी मी आणि भाचा, आम्ही दोघं येतो. तुमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन आहे म्हणे, वैजयंता स्पर्धेला बसणार आहे म्हणे, तेही बघू, आणि संध्याकाळी पोरीला आणि नातीला घेऊन निघू. हौस झाली तेवढी पुरे. मी माहेरी आले त्याला एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला होता. त्याला मामा हौस म्हणत होते.

"तुम्ही काय म्हणालात?" वहिनीनं खाली बघतच दादाला विचारलं.

या म्हणालो, दादा म्हणाला. पाहुण्याला नको कसं म्हणायचं?

दादा कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता. दिवसभर थंडीत उभा राहून त्याचं बोलणंही तसंच झालं होतं, थोडकं आणि गार. पण मनानं वाईट नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून तो म्हणाला, "वैजू, सरळ सांगतो. वाचनालयातली जागा तुला मिळाली, तर मामांना मी सांगेन, ती इथंच राहणार. कमावत्या बाईला कुणी ओढून नेत नाही. नाही मिळाली, तर मात्र मला मधे घालू नकोस. खोल्या किती, माणसं किती, तुला दिसतंय."

मी मान हलवली. खरं होतं ते. त्याची दोन मुलं, आम्ही दोघी, आणि मागच्या खोलीत छतापर्यंत बेदाण्याची खोकी. वहिनी व्यापाऱ्यांकडून माल आणून निवडून द्यायची. काड्या एकीकडे, खडे एकीकडे, काळे मणी एकीकडे. मी आल्यापासून आम्ही दोघी निवडत होतो.

टिण्, वाटीत आणखी एक खडा पडला.

आमच्या गावच्या त्या वाचनालयाची एक जुनी खोड होती, ती सांगायला हवी. विसाव्या शतकातल्या गाजलेल्या कादंबऱ्यांचं एक वेगळं काचेचं कपाट तिथं होतं, आणि वर्धापनदिनाला त्या कपाटावर परीक्षा व्हायची. गावात तिला नुसतं 'शतक' म्हणत. यंदा शतकाला कोण बसलंय, असं लोक विचारायचे. परीक्षक बाहेरगावचा, म्हणजे वशिला नको. तो एखादा उतारा वाचणार, एखादं पात्र सांगणार, एखादा शेवट विचारणार; समोरच्यानं कादंबरी ओळखायची, लेखक सांगायचा. आणि परीक्षकाचाच निर्णय चुकलाय असं सभेतल्या कुणाला वाटलं, तर त्यानं उठून आपलं वाचनालयाचं कार्ड टेबलावर ठेवायचं. मग पुस्तक कपाटातून काढून बघायचं. परीक्षक चुकला असेल तर प्रश्न बाद. परीक्षक बरोबर असेल तर ते कार्ड वर्षभर जप्त. वर्षभर पुस्तक मिळणार नाही. त्यामुळे कार्ड ठेवणं हा आमच्याकडे पोरखेळ नव्हता. माझ्या लहानपणी दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांविरुद्ध कार्डं ठेवली होती आणि पुढं लग्नकार्यातही बोलले नव्हते.

त्या वर्षी सहायक ग्रंथपालाची खुर्ची रिकामी झाली. अर्ज दोन. एक माझा, दुसरा संमेद कोले नावाच्या मुलाचा, त्याच्याकडे ग्रंथपालनाची पदवी होती. समितीत दोन तट पडले. तेव्हा अध्यक्ष देवगोंडाअण्णांनी तोडगा काढला. "दोघं शतकाला बसा. जिंकेल त्याची खुर्ची. म्हणजे उद्या माझ्या नावानं कुणी खडे फोडायला नको."

तो आठवडा वहिनीनं माझी परीक्षा घेतली. वहिनी फारसं वाचायची नाही. पण लग्न होऊन ती आमच्या घरी नवी आली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि ती निवडत बसायची तेव्हा मी तिला कादंबऱ्या वाचून दाखवायचे. त्यामुळे नावं तिच्या डोक्यात नव्हती, गोष्टी पक्क्या होत्या.

"ती विहिरीवरून सगळं गाव भांडतंय ती?"

"'आटलेला आड'. दिनकर भोसेकर."

"आणि तो मास्तर, ज्याला रोज रात्री घंटा ऐकू येते?"

"'मधली सुट्टी'. र. बा. सोनवडेकर."

"आणि ती आपली?"

ती आपली म्हणजे 'जोत्याचा दगड'. लेखिका अंबिका नेर्लेकर. आमच्या कपाटातली सगळ्यांत झिजलेली प्रत. गावातल्या दोन पिढ्यांतल्या बायकांनी ती वाचली असेल. भाजीबाजारात तिच्यावर बोलणं व्हायचं. तिचं नाव असं का, यावर हायस्कूलच्या एका सरांनी गणपतीत व्याख्यान दिलं होतं, कारण पुस्तकभर दगडाचा उल्लेख कुठंतरी सुरुवातीला एकदाच. दगड म्हणजे समाज, असं काहीतरी ते म्हणाले होते. वहिनीनं 'ती आपली' म्हटलं आणि पुढचं खोकं ओढलं. त्या पुस्तकाबद्दल आमच्यात बोलायचं काही शिल्लक नव्हतं.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. सभागृह म्हणजे वाचनालयाच्या वरचा हॉल. खाली जमखाना, मागं वर्तमानपत्रांची उतरती टेबलं भिंतीला सरकवलेली. मैथिलीचे बाबा मामांच्या आधीच येऊन जिन्याशी उभे होते. पांढरा शर्ट, हातात मैथिलीसाठी किल्लीचा बेडूक. ती त्यांना बघून धावत सुटली. का नाही धावणार? तिच्याशी ते कधीच वाईट वागले नाहीत. माझ्याशीही वाईट वागले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या घराची रीत तेवढी होती. सासूबाई आणि ते दुकानात जायला निघाले की बाहेरून कुलूप लावायचे. बाईमाणूस एकटं, पोर लहान, कुणी शिरलं तर? काळजीपोटी. एका दुपारी मैथिलीला तापात झटका आला आणि मी खिडकीचे गज धरून हाका मारत राहिले. संध्याकाळी कुलूप उघडलं तेव्हा तिच्या कपाळाला हात लावायच्या आधी सासूबाईंनी विचारलं की अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायची काय गरज होती.

"आईशी बोललोय मी," ते म्हणाले. "एक किल्ली तुझ्याकडे देऊया."

"कुलूप बाहेरून असतं," मी म्हटलं. "आत किल्ली घेऊन मी काय करू?"

ते बेडकाला किल्ली देत राहिले. पुष्कळ वेळ दिली. मग म्हणाले, "मला असं बोलता येत नाही तुझ्यासारखं. तू चल, एवढंच म्हणायला आलोय."

तेवढ्यात जिनाप्पामामा धोतराचा सोगा धरून जिना चढत आले, धापा टाकत. माझ्याकडे बघून हसले. आमच्या घरात आता सरस्वती येणार म्हणायची, म्हणाले. बक्षीस मिळालं तर बैठकीत लावू, नाही मिळालं तर स्वयंपाकघरात जागा आहेच. आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मीही हसले असेन. अशा वेळी चेहरा आपोआप हसतो.

परीक्षक कोल्हापूरहून आलेल्या मीनाक्षी बर्गे नावाच्या प्राध्यापक होत्या. सुती साडी, जाड काच, समोर तांब्याभांडं. आवाज अजिबात न चढवणाऱ्या. त्यांनी पहिला उतारा वाचला आणि हॉलमधला पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला.

संमेदचं वाचन चांगलं होतं. साल, आवृत्ती, सगळं त्याच्या ओठांवर. मला सालं यायची नाहीत, पण पात्रं यायची. कुणाला बुंदी आवडत नाही, कुणाच्या परसात शेवगा आहे, ते मी झोपेतही सांगितलं असतं. एक उत्तर तो द्यायचा, एक मी. तो एक चुकला. पुढच्या फेरीत मीही एक चुकले, आणि दादानं रुमालानं मान पुसली तेवढी मला दिसली. तो खिडकीशी उभा होता, वहिनी बायकांत पुढं बसली होती. मागच्या टेबलाशी मैथिली बाबांच्या मांडीवर. जिनाप्पामामा घड्याळाकडे बघत होते. पाचची गाडी त्यांना चुकवायची नव्हती.

सगळे प्रश्न संपले तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. देवगोंडाअण्णांनी बर्गेबाईंच्या कानात काही सांगितलं. त्या भांड्यातलं पाणी प्यायल्या.

"एकच प्रश्न राहिलाय," त्या म्हणाल्या. "दोघांनाही तोच. आधी वैजयंताताई. 'जोत्याचा दगड'. अगदी शेवटी नायिका काय करते?"

बायकांच्या बाजूनं एक सुस्कारा उठला, सगळ्यांचा मिळून. पोरगी सुटली, असा. वहिनीनं डोळे मिटले. मी उत्तर सांगितलं नाही, पानच म्हटलं, जसं वहिनीला म्हणून दाखवायचे तसं:

"'तिने लेकराला कडेवर घेतले आणि बाहेर पडली. ऊन मी म्हणत होते. अंगणातल्या धुळीत चपला होत्या तशाच राहिल्या. पायाला चटका बसला तेव्हा तिला वाटले, मागे वळावे. पण चटका बसतो तो उभे राहिल्यावर. चालत्या पायाला तो कळत नाही. ती चालत राहिली.'"

म्हणता म्हणता माझं लक्ष वहिनीकडे गेलं. तिनं डोळे उघडले होते. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. मी तिच्या दारात आले होते तो दिवस तिच्यापुढं उभा राहिला असणार. कुलूप लावायचं राहून गेलं ती उन्हाळ्यातली दुपार, कडेवर मैथिली, आणि माझे अनवाणी, फोड आलेले पाय. तिनं तेव्हा काही विचारलं नव्हतं. पायांवर पाणी ओतलं होतं आणि स्वतःच्या चपला पुढं सरकवल्या होत्या. आजही माझ्या पायांत त्याच होत्या.

"चूक," बर्गेबाई म्हणाल्या.

कुणाला ते कळलंच नाही. एकदोन टाळ्या वाजायला लागल्या होत्या, त्या अर्ध्यात थांबल्या.

"उत्तर चूक आहे. संमेद, तुम्ही सांगा."

संमेद उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. क्षणभर मला वाटलं, त्याला दुसरं काही माहीत आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मॅडम, माझंही हेच उत्तर आहे," तो म्हणाला. "ती निघून जाते. हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल."

"मग दोघांचंही चूक."

आता हॉल उठला. उभे कुणी राहिले नाहीत, पण आवाज उठला. आणि त्या आवाजातून वहिनी उठून पुढं आली. कनवटीची चंची काढली, तिच्यातून दुमडून मऊ झालेलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. वहिनी त्या कार्डावर दिवाळी अंकांशिवाय काही नेत नसे. "मी वाचलं नाही बाई," ती म्हणाली, "मी ऐकलंय. पण हेच ऐकलंय."

तिच्यामागं कासारांच्या सूनबाई आल्या. मग हायस्कूलचे ते व्याख्यानवाले सर. मग रांगच लागली. पिवळी कार्डं, निळी कार्डं, प्लास्टिकची नवी कार्डं, टेबलावर ढीग झाला. शेवटी देवगोंडाअण्णांनी स्वतःचं कार्ड काढून वर ठेवलं. अध्यक्षानं कार्ड ठेवल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"पुस्तक आणा," बर्गेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तेवढाच होता.

पुस्तक आलं. बापू जिनगरनं बांधलेलं, तपकिरी पुठ्ठ्याचं, कण्याला काळं कापड. बापू वारून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या वाचनालयातलं निम्मं कपाट त्याच्याच हातचं. अण्णांनी शेवटचं पान उघडून विजयानं बाईंपुढं धरलं. मी म्हटलं होतं तेच, अक्षर न् अक्षर.

बाईंनी ते वाचलं. मग त्या पानं मागं उलटत गेल्या. एका पानाशी थांबल्या, चष्मा वर केला, डोळे अगदी कागदाजवळ नेले. आणि मग त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं. अण्णांकडे नाही, माझ्याकडे.

"पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात बघा. बारीक अक्षरं आहेत. काय लिहिलंय?"

"जो. द.," मी वाचलं. "आणि तेरा."

"छापखाना एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतो. त्याची घडी म्हणजे फर्मा. कुठला फर्मा कुठल्या पुस्तकाचा ते बांधणाऱ्याला कळावं म्हणून खाली पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं असतात. आता पुढचा फर्मा उघडा. शेवटचा."

मी उघडला. दोनशे नववं पान. वर्षानुवर्षं शेकडो अंगठे लागून तो कोपरा काळपट झाला होता. पण अक्षरं होती.

"मो. गो.," मी म्हटलं. "चौदा."

"'मोकळी गोठण'. अंबिका नेर्लेकरांचीच दुसरी कादंबरी. तोच छापखाना, तोच टाइप, तोच आकार. दोन्ही एकदम शिवायला गेल्या असतील."

गेल्या असणार. बापूची नजर शेवटी शेवटी गेली होती. तो बोटांनी शिवायचा. 'मोकळी गोठण' पुढं वाळवीनं खाल्ली, तिच्या पोटात कुठला शेवट होता ते बघायला ती उरलीच नव्हती. आणि आमच्या पुस्तकातलं आधीचं पान संपत होतं 'तिने लेकराला कडेवर घेतले आणि' या शब्दांवर. नवा फर्मा सुरू होत होता 'बाहेर पडली' या शब्दांनी. शिवण कुठं दिसतच नव्हती. त्या एका पानात कुणाचं नावही नव्हतं. फक्त ती आणि पोर.

"मग आपल्या हिचा शेवट काय?" कासारांच्या सूनबाईंनी विचारलं. आजारी माणसाबद्दल विचारावं तशा आवाजात.

बर्गेबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण कसं कोण जाणे, त्यांनी उत्तर हळू दिलं.

"'तिने लेकराला कडेवर घेतले आणि ती जोत्याच्या दगडावर बसली.' संध्याकाळपर्यंत बसून राहते. लेकरू झोपतं. दिवेलागण होते. मग ती उठते आणि आत जाऊन चूल पेटवते."

व्याख्यानवाल्या सरांनी खाली बघितलं. दगड म्हणजे दगडच होता.

मागच्या टेबलाशी बेडूक टिकटिक करत उड्या मारत होता तो ऐकू आला. आणि पाठोपाठ जिनाप्पामामांचा आवाज आला, मोठा, समाधानी. "बघा. खऱ्या पुस्तकात बाई घरातच गेली. मोठी लोकं लिहितात ती उगाच नव्हं."

मागं कुणीतरी हसलं. मी मात्र पुस्तक बंद केलं नव्हतं. माझा अंगठा त्या काळपट कोपऱ्यावर होता. मला एवढंच कळत होतं की हा अंगठा इथं पुष्कळदा येऊन गेलाय, आणि तेव्हा पुढं रस्ता होता.

"तुम्ही वाचलंत ते खोटं नाही," बर्गेबाई म्हणाल्या. "पण उत्तर चूक आहे. मला निर्णय द्यायचाय." त्यांनी आणखी एक उतारा वाचला. ज्याला आधी येईल त्यानं सांगायचं. मी ऐकला तो. एका म्हाताऱ्या नावाड्याचं वर्णन होतं. ही कादंबरी मी दोनदा वाचली होती आणि त्या नावाड्याला पडसं झालंय हेसुद्धा मला आठवत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं एक बाई दगडावर बसली होती आणि दिवेलागण होत होती, आणि नाव काही केल्या येईना.

संमेदनं नाव सांगितलं. लेखक सांगितला. आणि मान खाली घातली, जणू त्यानंच काही चोरलं होतं.

कार्डांच्या ढिगाचा प्रश्न उरला. नियमानं सगळी जप्त. देवगोंडाअण्णा ढिगाकडे बघत म्हणाले, "घरी न्या बाबांनो आपापली. वर्षभर वाचनालय बंद ठेवून मी काय उदबत्त्या विकू?" हसू फुटलं, लोक उठले, चहा आला. ज्याचं त्याचं कार्ड शोधताना टेबलाशी गर्दी झाली. वहिनी त्या गर्दीत गेली नाही. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

दादाही आला. बोलण्यासारखं त्यानं आधीच बोलून ठेवलं होतं. मागून मैथिलीला कडेवर घेऊन तिचे बाबा आले, आणि त्यांच्यामागं मामा, हातात चहाचा कप.

"चला," मामा म्हणाले. "गाडी मिळेल अजून. पिशवी भरलीय का नाही? आता तर पुस्तकानं पण सांगितलं."

बाबांच्या खांद्यावरून मैथिली माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात बेडूक होता, आणि ती खूश होती. ते मला विसरता येत नाही. ती अगदी खूश होती. मी हात पुढं केले. तिनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे हात तसेच राहिले. एखादं माणूस किती वेळ हात पुढं करून उभं राहू शकतं? मग ती झेपावली, आणि तिचं सगळं वजन माझ्या कमरेवर आलं.

"मामा," मी म्हटलं, "ते पुस्तक मी वाचलेलं नाही."

"आत्ता तर त्या बाईंनी सांगितलं."

"सांगितलं. पण मी जे वाचलंय, त्यात ती जाते."

मामांना ते कळलं नाही. मैथिलीच्या बाबांना कळलं असावं. ते बराच वेळ माझ्या पायांतल्या, मला आखूड होणाऱ्या त्या चपलांकडे बघत राहिले. मी गेले त्या दिवशी घरी परतल्यावर अंगणात माझ्या चपला त्यांनाच दिसल्या असणार. मग ते मामांना म्हणाले, "चला, गाडी चुकेल." आणि जिन्याकडे वळले.

दादा म्हणाला, "वैजू, ठरलं होतं ते..."

"मागच्या खोलीतली खोकी मी उद्या माळ्यावर चढवते," वहिनी म्हणाली. "तुम्ही नुसतं वरून धरायचं. निवडायला मला माणूस हवंच आहे."

दादानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिशातून स्कूटरची किल्ली काढली. एवढंच. पुढं त्यानं तो विषय काढला नाही.

खुर्ची मला मिळाली नाही, आणि ते बरोबरच होतं. संमेद ती नीट सांभाळतो. मी सकाळी बालवाडी चालवते, दुपारी बेदाणा निवडते, आणि मैथिली शाळेत असली की मधल्या वेळात असं काहीबाही लिहिते. ती आता दहा वर्षांची झाली. दिवाळीच्या सुट्टीत बाबांकडे जाते, तिकडून दोन दप्तरं भरून खाऊ आणते. वाचनालयानं 'जोत्याचा दगड'ची नवी प्रत मागवली, तेव्हा जुनी बाद झाली, ती अण्णांनी मला दिली. बापू जिनगरची गोष्ट मी मैथिलीला जेवताना पुष्कळदा सांगितलीय. आंधळ्या बोटांनी एका पुस्तकाचं शेपूट दुसऱ्याला शिवणाऱ्या आजोबांची. तिला ती विनोदी वाटते. नवी प्रत मात्र मी घरी आणली नव्हती. ती शेवटची पानं मी अजून डोळ्यांनी वाचलेली नाहीत.

काल तिनंच आणली, स्वतःच्या कार्डावर. खिडकीत पाय पसरून वाचत बसली. मी समोर परात घेऊन निवडत होते. संध्याकाळ होत आली तशी ती शेवटाला आली, हे मला उरलेल्या पानांच्या जाडीवरून दिसत होतं. मी वर बघत नव्हते. तिनं पुस्तक मिटलं. मग उठली, फडताळातलं तपकिरी पुस्तक काढलं, त्याचंही शेवटचं पान वाचलं, आणि दोन्ही मांडीवर ठेवून बसली.

"आई," ती म्हणाली, "त्या आजोबांनी नीट शिवलं असतं, तर मी आता कुठल्या शाळेत असते?"